अडीच फुटांचं दार

मी एक जुनी प्रतिकृती आहे. कॉलेजातली मुलं मला मॉडेल म्हणतात. वास्तुकला शिकवणाऱ्या एका कॉलेजच्या दर्शनी दालनात, काचेच्या पेटीत, मी गेली बारा वर्षं बसून आहे. प्रवेशाच्या दिवसांत आईवडील माझ्यासमोर उभे राहून माना डोलावतात. माझ्याखाली पितळी पट्टी आहे: 'अंतिम वर्षाचे उत्कृष्ट काम'. मित्रांनो, ज्या मुलीने मला घडवलं, ती त्याच वर्षी, याच कॉलेजात नापास झाली. हे आईवडिलांना कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

माझा जन्म एका भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत झाला. मुलीचे वडील सुतार. घरातलं एकुलतं एक मोठं टेबल त्यांनी मला देऊन टाकलं आणि दोन महिने सगळी मंडळी जमिनीवर बसून जेवली. मी म्हणजे एका लहानशा रुग्णालयाची प्रतिकृती, खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्शाची. एका बाजूला तपासणीच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला रुग्णांच्या, मधे मोकळं अंगण आणि मागे प्लास्टरची टेकडी. मुलगी पुठ्ठा कापायची, चिकटवायची, पुसायची, पुन्हा कापायची. तिच्या डाव्या हाताच्या चार बोटांना कायम पट्ट्या असत.

रुग्णालयच का, त्याला कारण होतं. तिच्या आजोबांना एकदा तातडीने दवाखान्यात न्यायचं होतं. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी चौघांनी त्यांना चादरीत घालून खाली उतरवलं. तोवर फार उशीर झाला होता. म्हणून तिने पांढऱ्या कागदाचं दोन बोटं लांबीचं एक स्ट्रेचर कापलं आणि माझ्या प्रत्येक दारातून, प्रत्येक वळणावरून ते फिरवून पाहिलं. जिथे अडलं तिथे तिने भिंत मोडून नव्याने बांधली. अशी सतरा दारं तिने मोजली. त्या मुलीचा मला फार अभिमान वाटायचा.

विभागप्रमुखांना तो वाटत नव्हता. सरळ रेघा मारायची लांब पट्टी असते ना, टी-स्क्वेअर, तेच नाव मुलांनी त्यांना ठेवलं होतं, कारण ते कशासाठीच वाकत नसत. तिचे नकाशे भिंतीवर लागले तेव्हा ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "दारं एवढी मोठी कशाला? रुग्णालय काढतेस की गोठा?" वर्ग खो खो हसला. घरी येऊन तिने ते सांगितलं आणि एकही दार लहान केलं नाही.

मला कॉलेजात पोहोचवायचा दिवस उजाडला. सकाळी दहाच्या आत जमा करायचं होतं. खाली टेम्पो उभा होता. बाप आणि लेक मला दोन बाजूंनी उचलून दारापर्यंत आले आणि थांबले. मी चार फूट लांब, तीन फूट रुंद. दार अडीच फुटांचं. मी घरात आले होते ती सुटी सुटी, पुठ्ठ्यापुठ्ठ्याने. बाहेर निघायच्या वेळी मी एक झाले होते.

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. मला उभं धरून पाहिलं तर ओलसर टेकडी सरकायला लागली.

वडील चौकटीकडे बघत म्हणाले, "बाळा, एवढी दारं मोजलीस. आपलं एक राहिलं बघ."

"बाबा, चौकट काढता येईल?"

"अर्ध्या तासाचं काम आहे. मालकाला विचारतो."

मालकाने तिथल्या तिथे उडवून लावलं. "चौकटीला हात लावलात तर सामानासकट बाहेर व्हा," एवढंच तो बोलला.

मग वडिलांनी करवत आणली. कुठून कापायचं हे त्यांनी तिलाच विचारलं. तिने अंगणावर बोट ठेवलं, कारण तिथे भिंत नव्हती. ते कापत होते आणि ती माझी टेकडी दोन्ही हातांनी दाबून धरून रडत होती. मला काय वाटलं ते विचारू नका. पण एवढं सांगते, त्या माणसाने एकही भिंत तडकू दिली नाही.

आम्ही कॉलेजात पोहोचलो तेव्हा दहा वाजून आठ मिनिटं झाली होती. टी-स्क्वेअर दारात उभे होते.

"सर, आठच मिनिटं," मुलगी म्हणाली.

"दहा म्हणजे दहा."

वडील पुढे झाले. "साहेब, चूक माझी आहे. कापायला मला वेळ लागला. तिचं वर्ष जाईल हो."

"तुम्ही वडील ना? मग मुलीला वेळेवर उठवायचं."

ती दोन दिवस झोपलेलीच नव्हती. हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण तोवर दार लागलं होतं. शिपाईकाकांनी ते लावलं, साहेबांच्या हुकमावरून. काका नंतर कितीतरी वेळ माझ्याकडे बघायचं टाळत होते. बापलेकीने मला व्हरांड्यात भिंतीशी ठेवलं आणि दोघं निघून गेले.

पंधरा दिवसांनी कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. वेळेत जमा झालेल्या मॉडेलांत दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. टी-स्क्वेअरांची नजर माझ्यावर गेली. झालं! माझे दोन्ही अर्धे चिकटवले गेले, काच बसली, पट्टी लागली. अंगणातली करवतीची रेघ मात्र लपेना. समितीतल्या एकाने विचारलंच, "ही फट कसली?"

"एक्स्पान्शन जॉइंट," टी-स्क्वेअर साळसूदपणे म्हणाले. "इमारत उन्हाने फुगते ना, म्हणून जागा सोडलीय. आणि दारांची रुंदी पाहा. स्ट्रेचर कुठेही अडत नाही."

काच फुटून त्यांच्या अंगावर पडावी असं मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही अधूनमधून वाटतं.

दोन महिन्यांनी ती मला न्यायला आली. पुन्हा परीक्षेला बसणार होती. टी-स्क्वेअर म्हणाले, "कॉलेजात आलेलं काम कॉलेजच्या मालकीचं. नियम आहे तसा." मुलगी म्हणाली, "पण सर, तुम्ही ते जमाच करून घेतलं नव्हतं." ते हातातले कागद चाळत राहिले. शेवटी ती गेली. माझ्याशिवाय परीक्षेला ती बसली नाही.

त्यानंतर मी तिला पाहिलं ते परवा. या दालनाचं नूतनीकरण व्हायचं आहे आणि मला वरच्या बैठकीच्या खोलीत हलवायचं ठरलं आहे. मोजमापं घ्यायला एका वास्तुविशारदाच्या कार्यालयातून बाई आली. केसांत दोनचार पांढऱ्या बटा, हातात टेप. शिपाईकाकांनी तिला बघितलं आणि त्यांचा हात कपाळाला गेला.

"ताई, तुम्ही? आता मोठ्या वास्तुविशारद झाला असाल."

"नाही काका. नकाशे मी काढते, सही आमचे साहेब करतात. पदवी नाही ना."

तेवढ्यात टी-स्क्वेअर आले. त्यांनी तिला ओळखलं नाही. म्हणाले, "ही पेटी वर जाईल ना? मोजून सांगा."

ती वर जाऊन त्या खोलीचं दार मोजून आली. "नाही जाणार, सर. अडीच फुटांचं आहे."

"मग?"

"मधून कापावं लागेल."

"कापायचं? एवढं चांगलं काम?"

"एक्स्पान्शन जॉइंट आहे ना, सर. तिथूनच सुटेल. माझ्या बाबांनी एकदा कापलंय, नीट कापलंय."

टी-स्क्वेअरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मला उशीर होतोय," ते म्हणाले. "कापा."

मोजमापासाठी काकांनी काच उचलली. तिने नखाने माझ्या सतराव्या दारात तेव्हापासून राहिलेलं कागदाचं पिवळं पडलेलं स्ट्रेचर काढलं आणि टेपच्या खोक्यात ठेवलं. बाकी सगळं कॉलेजच्या मालकीचं होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला बारा वर्षं जपलं, रोज फडक्याने पुसलं, त्याने कोणाचं भलं झालं? उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी दारात घड्याळ घेऊन उभे असाल. समोर कोणी धापा टाकत येईल. दार लावण्याआधी त्याला एवढंच विचारा, की बाबा रे, कुठे अडला होतास?