वयाची दुरुस्ती

फॉर्म सोळा पानांचा होता आणि तो भरायचं माझ्याकडे आलं, कारण घरात अक्षर माझं बरं. जन्मभर ग्रंथालयात नोंदी लिहिल्या; तरी पहिली पाळी कधी, शेवटची कधी, बाळाला किती महिने पाजलं, हे बायकोला मोठ्यानं विचारताना माझी बोबडी वळली.

"अहो, प्रश्न विचारताय की चोरी कबूल करताय?" ती म्हणाली.

बायकांच्या कॅन्सरमागे संप्रेरकं किती आणि आनुवंशिकता किती, याचा तो अभ्यास होता. बायकोला वीस वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ती खडखडीत बरी झाली. पण तो धोका आपल्याकडेही आलाय का, या धास्तीनं लेकीला घेरलं होतं. तिला जनुकांची तपासणी हवी होती, आणि आई अभ्यासात बसली तर ती तिथंच होणार होती.

अभ्यासाच्या केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी पानं चाळली. "आजार झाला तेव्हा आईंचं वय एक्कावन्न. आमची अट पन्नाशीच्या आतली आहे. नाही बसत."

लेकीचा चेहरा उतरला. मला वाटलं, चूक माझीच. "वजाबाकी परत करून पाहू का?" मी पुटपुटलो.

बायको पर्सची चेन उघडमीट करत होती. "वजाबाकी बरोबर आहे. वय चुकलंय. अठ्ठेचाळीस लिहा."

"आई!"

"टेलिफोनच्या नोकरीला अठरा पूर्ण हवी होती. मी पंधराची. साहेबांनी विचारलं, मी ठोकून दिलं, त्यांनी लिहिलं."

आमच्या घरात पडद्याच्या रंगापासून लेकीच्या शाळेपर्यंत प्रत्येक वाद एकाच वाक्यानं मिटे: 'मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.'

"म्हणजे तू माझ्याहून वर्षानं लहान?"

"लग्नानंतर सांगणारच होते. पण तुम्ही पहिल्याच दिवशी इतकं मुकाट ऐकलंत, म्हटलं, चाललंय ते बरंय." मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "पेन्शनवाल्यांना नाही ना कळवणार?"

"इथलं बाहेर जात नाही. पण पुरावा लागेल."

"शाळेचा दाखला आहे. शिलाई मशीनच्या खणात, सुयांच्या डबीखाली."

त्या खणाला हात लावायची माझी कधी छाती झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दाखला पाहून डॉक्टरीणबाईंनी आकडा खोडला, शेजारी सही केली. लेकीनं बाही वर सरकवली. बायकोनं मात्र सुई दिसताच माझा दंड घट्ट धरून तोंड फिरवलं.

"झालं का हो?"

"थांब जरा. बघू नकोस."

तिनं बघितलं नाही.

"निकालाला सहा आठवडे," लेक कापूस दाबत म्हणाली. "काय निघायचं ते निघो. निदान कळेल तरी."