कच्चा टाका

राजा आणि हमाल एका दिवसापुरते कपडे बदलतात, ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक. थोरल्याने तिचं संगीत नाटक केलं आणि मूळ गोष्टीत नसलेले चाबकाचे प्रवेश घुसडले. पहिल्या अंकात राजा हमालाला फोडतो, दुसऱ्यात राजाच्या झग्यातला हमाल खऱ्या राजाला. "मार नसेल तर टाळ्या कोण देईल? चाबकाच्या गाण्याला वन्स मोअर आलाच पाहिजे," तो म्हणायचा.

राजा अर्थात तोच. हमाल धाकटा भाऊ. कपडेपट ताईकडे, म्हणजे दोघांच्या मधल्या बहिणीकडे. ज्याच्या अंगावर हमालाचा सदरा, त्याच्या पाठीला आतून जाड चामडं बांधायचं, हे तिचं काम. पण थोरल्याचा फटका चामड्यावर पडेल तर शपथ! तालमीत धाकट्याच्या पोटऱ्या सोलून निघाल्या. बाप गेल्यापासून घरीही हेच. तिथे पट्टा असायचा आणि गाणं नसायचं, एवढाच फरक. मेल्या थोरल्याला हात चालवायला एवढंसं निमित्त पुरायचं.

पहिल्याच प्रयोगात त्याने धाकट्याची मान फोडली. रक्त सदऱ्यात उतरलं, तरी पोरगा सूर न सोडता गात राहिला. विंगेत ताईने जखमेवर बोळा दाबला.

"राहू दे ताई. सवय आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मध्यंतरात तिने चामड्याचे बंद उसवले आणि एका हिसक्यात सुटतील अशा कच्च्या टाक्यांनी परत जोडले. थोरला तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "आवळ नीट. त्या गाढवाला हाताचा अंदाज नाही."

"आवळलंय, दादा."

धाकट्याच्या रक्ताने ओला झालेला सदरा त्याने नाक मुरडत वरून चढवला.

दुसऱ्या अंकात पहिलाच फटका बसला आणि चामडं सदऱ्याखालून घसरून खाली पडलं. धाकट्याचा हात वरच थांबला. त्याने विंगेकडे पाहिलं. ताईने मान डोलावली.

एकदा कळू दे दादाला, एवढंच तिला हवं होतं. धाकट्याने गाणं संपेपर्यंत हाणलं. सदरा फाटला, पाठ फाटली, थोरला गुरासारखा ओरडत गुडघ्यांवर आला. लोकांना वाटलं, काय हा अभिनय! सगळं नाट्यगृह उठून उभं राहिलं.

"वन्स मोअर! वन्स मोअर!"

वादकांनी गाणं पुन्हा उचललं. थोरला रांगत विंगेपाशी आला. "अगं, थांबव त्याला."

"पुरे!" ताई किंचाळली. "बाळा, पुरे!" त्या टाळ्यांत तिचं कोण ऐकणार?

धाकट्याने भावाला केसांना धरून मधोमध ओढत नेलं, चाबूक उचलला आणि मानेवर नेम धरला. या वेळी त्याने विंगेकडे पाहिलं नाही.