नाकावर बसलेलं जेट

चांद्याच्या लाकूड डेपोत सागाचे ओंडके ट्रकवर चढवायचं काम वहाब मिस्त्रीकडे होतं. पहार, साखळदंड आणि दहा माणसं, एवढ्यावर तो हत्तीएवढा ओंडका हलवी. म्हणूनच १९५४ च्या एप्रिलात त्याला महायुद्धाच्या काळातल्या ओसाड धावपट्टीवरून बोलावणं आलं.

चार दिवसांपूर्वी तिथे एक जेट विमान उतरलं होतं. वणव्यांच्या धुरात वैमानिक चिंतलवार वाट चुकला, इंधन संपत आलं आणि नेमकी ही पट्टी दिसली. उतरला मात्र सुखरूप. नागपूरहून हवाई दलाची माणसं इंधन घेऊन आली, आणि आज परत उडायच्या वेळी घात झाला. विमान धावायला लागलं, तोच पुढचं चाक दुमडलं नि ते नाकावर बसलं.

वहाबने जेट कधी पाहिलं नव्हतं. तो भोवती फिरला, नाकाडावर बोटाने टकटक केली आणि थबकला.

"साहेब, हे तं लाकूड होय."

"पुढचा भाग लाकडीच आहे," चिंतलवार म्हणाला. "बरोबर ओळखलंत."

"मंग पहार लावता येत नाई. चिरंल."

त्याने धानाच्या कोंड्याची पोती मागवली, पोटाखाली दाबून बसवली, त्यांवर फळ्या टाकल्या आणि तरफेसारख्या लांब बल्ल्या घातल्या. एरवी आरडाओरडा करणारी माणसं आज त्याच्या बोटाकडे बघत श्वास रोखून जोर लावत होती. बोटभर वर आलं की खाली ठोकळा, परत बोटभर. दोन तासांनी नाक उचललं गेलं आणि हवाई दलाच्या लोकांनी चाक खाली ओढून अडकवलं. लाकडावर ओरखडाही नव्हता.

तेवढ्यात जीपमधून मोठे अधिकारी आले. गावचा कोतवाल कोलू चार दिवस विमानाची राखण करत होता. त्यांची नजर त्याच्यावर गेली.

"याने आत काही हलवलं होतं का?"

"नाई साहेब," कोलू कसाबसा म्हणाला. "म्या पंखाले बी हात नाई लावला."

"त्याचा काही संबंध नाही, सर," चिंतलवार पुढे झाला. "मला पंखांच्या झडपा खाली घ्यायच्या होत्या. घाईत हात चाकं वर घेणाऱ्या दांड्यावर गेला. विमान खड्ड्यावरून उसळलं, पुढचं चाक जमिनीवरून सुटलं आणि दुमडलं. वाटही मीच चुकलो होतो."

"लेखी द्याल?"

"आत्ताच देतो."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने उभ्या उभ्या लिहून दिलं. आपलं उड्डाण बंद होणार हे त्याला ठाऊक होतं. वहाब बघत राहिला. आतला दांडा कोणी हलवला हे कुणाला कळलं असतं? कोलूचं कोण ऐकणार होतं?

आणि त्याला बिरजू आठवला. दोन वर्षांपूर्वी डेपोत ओंडका घसरून बिरजूचा पाय चेंगरला होता. "तोच मधात आला," असं वहाबने रेंजरला सांगितलं होतं. बिरजूला कामावरून काढलं.

वहाब तिथून घरी न जाता थेट बिरजूकडे गेला. बिरजू अंगणात टोपली विणत होता, बायको मनकर्णा तांदूळ पाखडत होती.

"बिरजू, तो ओंडका तुह्या चुकीनं नाई घसरला. पाचर मी काढली, घाईत."

मनकर्णाचं सूप थांबलं.

"दोन वर्सं काऊन नाई बोलला, वहाबभाऊ?"

"भ्यालो."

बिरजूने हातातली कामटी वाकवली, सोडली. 

"रेंजरसाहेबापुढं बोलशीन?"

"उद्या सकाळी. तू बी चाल."

"मी बी येतो," मनकर्णा म्हणाली. "मले ऐकायचं हाय."

तिघे गेले. वहाबने सगळं सांगितलं, चिंतलवारसारखंच, उभ्या उभ्या. एका हंगामासाठी त्याचं मिस्त्रीपण गेलं आणि तो साखळी ओढणाऱ्यांत उभा राहिला. बिरजूला डेपोच्या फाटकावर बसायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी त्यानेच वहाबला फाटक उघडून दिलं. वहाब आत जाताना त्याने मान डोलावली.