यानाचा पांढरा

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा मला पहिल्यांदा दिसला तो त्यांचा कोट. मी विचारलं, "नवा शिवलात का?" ते हसले. म्हणाले, मोतीबिंदू काढल्यावर सगळे हेच विचारतात. मीही हसलो. मग घरी आलो, कपाटावरचं माझं यान पाहिलं आणि हसू तिथंच आटलं.

यान निळं होतं.

नीळ जास्त झालेला सदरा दिसतो ना, तसं. मी डावा डोळा झाकला. निळं. उजवा झाकला. पांढरं, लोण्यासारखं. डावा डोळा अजून जुनाच होता, त्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

तीन वर्षं घालवली मी त्या यानावर. हातभर लांब, प्लास्टिकच्या चारशे बारा तुकड्यांचं मॉडेल, कुठल्याशा काल्पनिक ग्रहांमध्ये माल पोचवणारं जहाज. खोक्यावरच्या चित्रात ते करडं होतं. मला ते पांढरंच करायचं होतं. चाळीस वर्षं मी गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाड्या रंगवल्या, आणि पांढऱ्यासारखा हरामखोर रंग दुसरा नाही. तो ज्याला जमला तो पेंटर, बाकीचे भिंती रंगवणारे. यानाच्या मालाच्या दारावर तर मी गरम चमचा दाबून मुद्दाम एक पोचा पाडला होता. खरी माल वाहणारी गाडी कुठे ना कुठे धडकतेच. मग तो पोचा बुजवला, घासला आणि असा रंगवला की माझा मला सापडेना.

आता तो खोलीच्या दारातून दिसत होता. निळ्यावर आणखी निळं ठिगळ.

"हे निळं आहे," मी बायकोला म्हणालो.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थोडंसं."

"थोडंसं? म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला डोळे आहेत ना."

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

"बोलले होते की एकदा. तुम्ही म्हणालात, रंगातलं तुला काय कळतं, तू तुझी भाजी बघ. म्हणून भाजी बघतेय."

माझा आवाज चढला तशी आतल्या खोलीतून मुलगी आली. आल्या आल्या तिनं यानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला सगळं समजलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं. फोटो टाकायच्या आधी मी जरासा रंग दुरुस्त करायचे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॉडेल करणाऱ्या लोकांचा एक गट आहे, त्यावर ती माझ्या यानाचे फोटो टाकायची. लोक लिहायचे, काय पांढरा साधलाय, आजोबांच्या हाताला सलाम. मी ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायचो. ही पोरगी समोर बसून जेवायची आणि मान डोलवायची.

"मला खेळवत होतात तुम्ही दोघी!"

"खेळवत नव्हतो. सांभाळत होतो."

"मी काय तान्हं बाळ आहे सांभाळायला?"

"बाळ नुसतं रडतं, बाबा. तुम्ही वस्तू फेकता."

तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथं एक डाग आहे. पंखाचा सांधा दिसतोय असं ती एकदा म्हणाली होती, तेव्हा माझ्या हातात रंगाची वाटी होती. डागाचं मला काही वाटत नव्हतं. आता तोही मला निळा दिसला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

यान घेऊन मी खिडकीत बसलो. उजेडात फिरवून पाहिलं आणि एक गोष्ट ध्यानात आली. यानाचं नाक मी सगळ्यांत आधी रंगवलं होतं. ते चांगलं होतं, पांढरं, माझं. तिथून मागं जावं तसा रंग घसरत गेला होता. डोळा पिवळा पडत गेला, समोरचा पांढरा मला मळका दिसायला लागला, आणि मी निळ्याचा एकेक थेंब वाढवत गेलो. शेपटीजवळ तर आनंदच होता.

पण मला खुपला तो मधला भाग. कामगारांच्या खोल्या, शिड्या, पाण्याच्या टाक्या. तो भाग मी रंगवला तेव्हा मी निवृत्त झालो नव्हतो. सकाळी गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचो आणि संध्याकाळी घरी तो भाग. आणि तो चांगलाच निळा होता.

मग त्या गाड्यांचं काय?

जोडे घातले, यान खोक्यात ठेवलं आणि निघालो. बायको म्हणाली, डोळ्याला वारा लागेल. मी दार आपटलं.

गॅरेजमध्ये आमचा डेंटर एका दारावर हातोडी चालवत होता. आम्ही तीस वर्षं शेजारी काम केलं. तो पत्रा सरळ करायचा, मी रंगवायचो. त्याचे केस पांढरे झालेले मी आजच पाहिले, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. मी खोकं त्याच्या पुढ्यात उघडलं आणि मधल्या भागावर बोट ठेवलं.

"हा रंग कसा आहे?"

त्यानं हातोडी खाली ठेवली. "ऑपरेशन झालं वाटतं."

"मी काय विचारतोय?"

"निळा आहे, पेंटर."

"हा मी इथं असताना लावलाय. माझ्या गाड्या कशा होत्या तेव्हा?"

तो हात पुसत बसला. एवढे हात तो कधी पुसत नाही.

आमच्या गॅरेजची एक रीत होती. रंग सुकला की गाडी शटरबाहेर उजेडात काढायची, आणि ज्यानं रंगवली नाही अशा माणसानं ती बघायची. दुसरा डोळा म्हणायचो त्याला आम्ही. दुसरा डोळा हो म्हणेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. मी तिशी ओलांडल्यावर मालकाला तोंडावर सांगितलं होतं, माझ्या गाडीला दुसरा डोळा लागणार नाही. आणि लागला नाही. निदान मला तसंच वाटत होतं.

"पाच वाजता तू घरी गेलास की," डेंटर म्हणाला, "आम्ही गाडी बाहेर काढायचो. लाल, काळ्या तू बरोबर करायचास. पांढऱ्या निळसर जायच्या. मग मी रंगाची गन धरायचो."

"तू? तुला गन धरता येते?"

"तीस वर्षं तुझ्या शेजारी काढली. आंधळा होतो का मी?"

"किती गाड्या?"

"मोजल्या नाहीत."

"मालकाला माहीत होतं?"

"तोच म्हणाला, वर्षच राहिलंय त्याचं, कळू देऊ नका."

निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं होतं. म्हणालो होतो, चाळीस वर्षांत माझी एक गाडी रंगासाठी परत आली नाही. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. सगळ्यांत जोरात या डेंटरनंच वाजवल्या होत्या.

मी त्याला नाही नाही ते बोललो. तू भामटा आहेस म्हणालो, माझ्या पाठीमागं माझ्या कामावर हात फिरवलास म्हणालो. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती तुझ्यात! दोन पोरं काम थांबवून बघायला लागली.

डेंटरनं सगळं ऐकून घेतलं. तो कधीच चिडत नाही, हा त्याचा आणखी एक गुन्हा. मग म्हणाला, "सांगितलं होतं. पहिली पांढरी गाडी निळसर गेली त्याच दिवशी. तू सहा महिने माझ्याशी बोलला नाहीस."

ते सहा महिने मला आठवत होते. कारण आठवत नव्हतं. त्यानं माझ्या कामात नाक खुपसलं होतं, एवढंच डोक्यात राहिलं होतं. मला वाटायचं, मीच त्याला माफ केलं.

मी स्टुलावर बसलो. राग गेला नव्हता, पण तो काढायला माणूस उरला नव्हता. बायको, मुलगी, हा. तिघांनीही एकेकदा खरं सांगून पाहिलं होतं. तिघांनाही मी एकदाच संधी दिली होती.

"पांढरा कुठाय?" मी विचारलं.

त्यानं डबा काढून दिला. माझ्याच जागेवर होता. मी वाटीत पांढरा ओतला, चिमूटभर काळा, किंचित पिवळा, आणि जुना डोळा मिटून ढवळत राहिलो. पत्र्याच्या एका पट्टीवर रंगाचा एक हात मारला, ती शटरबाहेर नेऊन यानाच्या नाकाला लावली. नाकावरचा चांगला पांढरा आणि हा, केसाचाही फरक नाही. मी पैज लावली असती.

"बघ," मी म्हणालो.

पट्टीकडे बघायच्या आधी त्यानं माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं आणि एक पाऊल मागं सरकला.

तीस वर्षांचा शेजारी. मी वाटी खाली जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"बघ म्हटलं ना."

त्यानं पट्टी तिरकी धरली, सरळ धरली, उन्हात धरली. "अजून निळा आहे," तो म्हणाला. "अगदी थोडा. पिवळा कमी पडलाय."

माझे कान तापले. रंगातलं तुला काय कळतं, तू पत्रे ठोक, हे वाक्य दातांपर्यंत आलं. ते मी गिळलं.

"किती?" मी विचारलं.

"एक थेंब."

मी खाली वाकलो आणि एक थेंब टाकला.