बाईंना न चालणारे हात

वॉर्डात त्याला नावाने कोणी हाकच मारत नसे. रोगी सवयीने 'सिस्टर' म्हणत, मान वळवत, समोर झुपकेदार मिशा दिसल्या की चपापत आणि घाईघाईने पुढे 'भाऊ' जोडत. असा तो सिस्टरभाऊ झाला. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट अंगावर मूठभर मांस चढे, कारण जिला तो मनातून मानत होता तीही सिस्टरच होती.

ती म्हणजे जिन्याच्या वळणावरच्या फोटोतल्या बाई. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा चेहरा. दवाखाना नुसता चार खोल्यांचा होता तेव्हाच्या इथल्या पहिल्या शिकलेल्या नर्स. लेकीने परक्यांची मलमपट्टी करायची म्हणजे घराण्याला बट्टा, असं लोक समजत त्या काळात बाई दारोदार हिंडल्या, वाट्टेल ते ऐकून घेतलं आणि घरोघरच्या मुली मागून आणून नर्सिंगची शाळा काढली. हात धुतल्याशिवाय त्या डॉक्टरलाही खाटेजवळ फिरकू देत नसत. सिस्टरभाऊ हे सगळं प्रत्येक नव्या रोग्याला सांगे आणि सांगताना थोडं तिखटमीठ लावी. त्याच्या एका गोष्टीत तर बाईंनी एका डॉक्टरला कान धरून बाहेर काढलं होतं. "धरलाच होता का ते बघायला मी नव्हतो," तो म्हणे, "पण नसेल धरला तर धरायला हवा होता." रोगी हसत. हसताना टाके ओढले जात, मग तोच त्यांना दटावी.

बाप पाथरवट, म्हणून हाही पाथरवट. पुढे पाय मोडून याच दवाखान्यात पडला. कुबड्या घेऊन जिना चढताना दम खायला थांबे ते नेमका त्या फोटोखाली, आणि तिथेच नर्स व्हायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं. भावकीने वेड्यात काढलं, पण गडी हटला नाही. हात मात्र पाथरवटाचेच राहिले, फावड्याएवढे.

तर झालं असं, की दवाखान्याचा वर्धापनदिन आला आणि मेट्रनने त्याला बोलावून सांगितलं, "यंदा बाईंवर तुम्हीच बोला. आम्हा सगळ्यांना तुमच्याकडूनच तर ऐकून पाठ झालंय." त्याला आनंद मावेना. त्यात आणखी योग असा, की बायकांच्या वॉर्डात तेव्हा थोरल्या सिस्टर दाखल होत्या. बाईंच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी ही एकटीच म्हातारी मागे उरली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण जिभेचं काही बिघडलं नव्हतं. भाषणात एखादी ताजी गोष्ट घालावी म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो त्यांच्याकडे गेला, स्टुलावर अंग चोरून बसला आणि म्हणाला, "सिस्टर, बाईंचं काहीतरी सांगा ना."

त्यांनी त्याला पायापासून मिशांपर्यंत न्याहाळलं. "तू नर्स?"

"हो."

"बाईंनी तुला दारातूनच वाटेला लावलं असतं. शुश्रूषेला पुरुषांचे हात त्यांना अजिबात चालत नसत. म्हणायच्या, त्या हातांनी ओझी उचलावीत, दुखऱ्या अंगाला ते लागता कामा नयेत."

"सगळ्याच पुरुषांचे?"

"सगळ्यांचे. बाईंच्या बोलण्यात 'काही' नसायचं."

तोंडात मारल्यासारखा तो उठला. दुपारभर काम केलं, पण एकाही रोग्याला बाईंची गोष्ट सांगितली नाही. आता भाषण करायचं कोणत्या तोंडाने? जिने दारात उभं केलं नसतं तिचे गोडवे गायचे? बरं, गप्प बसावं तर इतकी वर्षं जिच्या जिवावर ताठ मानेने वावरलो तिला एका दुपारीत सोडून द्यायचं, आणि ते तर त्याहून जड. जिना उतरताना त्याने पहिल्यांदाच फोटोकडे पाहिलं नाही.

घरी बायको त्याच्या गणवेशाला बटण लावत होती. ती शिवणकाम करायची, त्यामुळे बटणावरची नजर न काढता माणूस ओळखायची. "काय बिनसलंय?" तिने विचारलं. दोनदा "काही नाही" म्हणून झाल्यावर त्याने सगळं ओकून टाकलं.

"मेलेल्या बाईवर रुसून बसलाय होय तुम्ही?" तिने दाताने दोरा तोडला. "तुमच्या आईला तरी मी कुठे पसंत होते? लग्नात तोंड फिरवून बसल्या होत्या. पण मला आवडायच्या त्या. ताठ चालायच्या, कुणाची भीड ठेवायच्या नाहीत. त्यांचं एकच चुकलं, माझ्या बाबतीत चुकलं. मी त्यांना सांगितलंही होतं तसं."

"आईला? तोंडावर?"

"मग काय पाठीमागे?"

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, भाजीत मीठ कमी आहे."

त्याला हसू फुटलं. जेवणही त्याला नेहमीसारखं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो थोरल्या सिस्टरांच्या खाटेशी गेला तेव्हा तिथे वेगळाच पेच पडला होता. आठवडेच्या आठवडे उशीवर पडून त्यांच्या केसांचा पार गुंता झाला होता. कंगवा लावला की त्या कळवळत, आणि कात्रीचं नाव काढलं की खवळत. हातात कात्री धरून नर्स पोर रडकुंडीला आली होती. तिचाही इलाज चालेना.

"मी बघू का?" सिस्टरभाऊने विचारलं. "बाईंना चाललं नसतं, ठाऊक आहे मला. तुम्हाला चालतंय का तेवढं सांगा."

त्यांनी कात्रीकडे एकवार पाहिलं आणि डोकं त्याच्याकडे वळवलं. त्याने तेलाची बाटली घेतली. केसांची बट मुळाशी एका हातात घट्ट धरायची, म्हणजे डोक्याला ओढ बसत नाही, आणि खालच्या टोकापासून एकेक गाठ बोटांनीच सोडवत वर यायचं. तीन मुलींच्या शाळेच्या वेण्या घालून घालून त्याला हे अंगवळणी पडलं होतं. सिस्टर आधी कळ यायची वाट बघत डोळे मिटून आक्रसून राहिल्या. मग खांदे सैल पडले. मग चक्क घोरू लागल्या. त्याने वेणी घातली, शेवटाला पट्टीची फीत बांधली आणि पाय न वाजवता निघून गेला.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं होतं. थोरल्या सिस्टरांना व्हीलचेअरवरून आणून पुढेच बसवलं होतं. सिस्टरभाऊ उभा राहिला. दारोदार हिंडण्याचं सांगितलं, हात धुण्याचं सांगितलं, लोक रंगले. मग पुढचं मात्र तो मिशीतल्या मिशीत पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "पुन्हा सांग. मोठ्याने."

आता भर सभेत आपली हजेरी घेणार, अशी त्याची खात्री पटली. पण मागे फिरायची सोय नव्हती. "मी म्हटलं, बाईंनी मला घेतलं नसतं," तो मोठ्याने म्हणाला. "पुरुषांचे हात त्यांना चालत नसत. मी त्यांच्यामुळे नर्स झालो, आणि मरेपर्यंत त्यांनाच मानणार. पण एवढं मात्र त्यांचं चुकलं."

मेट्रन पायाखालची फरशी बघू लागली. थोरल्या सिस्टरांनी मान हलवली. "आता ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "माझ्या धाकट्या भावाला बाईंनी दारातूनच परत पाठवलं होतं. त्याला फार यायचं होतं रे या कामात."

सिस्टरभाऊ भाषण विसरून खाली उतरला आणि त्यांच्या खुर्चीशी उकिडवा बसला. "मग काय केलं त्याने?"

"सुतारकाम. हयातभर रंधा मारला." त्यांनी त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी उशाशी होते, चांगली शिकलेली नर्स. पण कूस बदलायची झाली की तिला तोच लागायचा. मला म्हणायची, तू राहू दे, त्याला बोलाव."