ठरलेला सत्कार

“वहिनी, जरा सरळ उभ्या राहा. फोटोत नारळ येत नाहीये,” शशीकाका म्हणाले आणि माझी बायको सरळ उभी राहिली.

लंडनमधल्या ईलिंगच्या एका चर्चच्या हॉलमध्ये आमच्या छोट्याशा मंडळाचा महाराष्ट्र दिन चालला होता. सुचेताच्या हातात नारळ होता आणि खांद्यावरची शाल सारखी घसरत होती. लंडन मॅरेथॉन होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. जिना उतरताना तिला अजून कठडा धरावा लागत होता. शशीकाका मंडळाचे सेक्रेटरी. त्यांच्या हातात माईक आला की त्यांना आवरणं अवघड.

“आपल्या सुचेतावहिनींनी सव्वीस मैल पळून मराठी माणसाची मान उंचावली आहे!” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “कितवा नंबर आला?” शशीकाकांनी माईकवरूनच सुनावलं, “नंबर महत्त्वाचा नसतो!”

सुचेता हसली. तिचं ते हसू मी ओळखतो. शेजारणीने आपल्या हातचा बेचव केक आग्रहाने वाढला की ती असंच हसते.

कारण ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट शर्यत होती. चार तासांच्या आत यायचं म्हणून अख्खा हिवाळा तिने पहाटेच्या अंधारात, रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा असताना पळून काढला होता. पण दोन हजार सातच्या त्या एप्रिलमध्ये इंग्लंडने नको तेव्हा ऊन दाखवलं. ती आली ती जवळजवळ चालतच, आणि तिला तिच्या पहिल्यावहिल्या मॅरेथॉनपेक्षाही जास्त वेळ लागला. हॉलमधल्या मंडळींना त्यातला फरक कळण्याचं कारण नव्हतं. सव्वीस मैल पळून जो जिवंत परत येतो तो त्यांच्या लेखी शूरवीर. खरं सांगायचं तर माझंही मत फारसं वेगळं नाही.

घरी आल्यावर तिने शाल कपाटात ठेवली आणि बूट जिन्याखाली ठेवले. नारळाची दुसऱ्या दिवशी सोलकढी झाली. बूट मात्र तिथेच राहिले.

मी कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात आहे. शेजाऱ्याच्या कॉन्झर्व्हेटरीमुळे, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीमुळे, आपल्या टोमॅटोंवर सावली पडते अशा तक्रारी वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि तो बसून करता येतो म्हणून मला आवडतो. सुचेता वॉटफर्डला हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. ती या देशात आली माझ्या व्हिसावर, राहायला लागली मी पाहिलेल्या पिनरच्या घरात. पुण्याचं सर्टिफिकेट इथे चालेना म्हणून पुन्हा शिकली. पळणं तेवढं तिने स्वतःहून उचललं. आमची मुलगी ईरा मोठ्या शाळेत जायला लागली त्या वर्षी एका सकाळी ती कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत पळत गेली आणि धापा टाकत परत आली. चाळिशीच्या बाईला काय सुचेल सांगता येत नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो. आमच्या दोन्ही घराण्यांत बस पकडण्याखेरीज कधी कुणी पळालं नव्हतं.

तो उन्हाळा दिसायला छान गेला. रविवारी सकाळी बायको घरात. मला गरम पोहे, वर ओलं खोबरं. पहिले काही आठवडे मी मनातून खूश होतो, उगाच कशाला खोटं बोला. मग हळूहळू चुकल्यासारखं वाटायला लागलं. ती माझ्याबरोबर टीव्हीवर बागकामाचे कार्यक्रम बघायची. पूर्वी पळून आली की स्वयंपाकघरात भांडी आपटत, मोठमोठ्याने बोलत, तीन टोस्ट खाणारी बाई आता चहाचा कप दोन्ही हातांत धरून गप्प बसायची.

“बरं नाहीये का?” मी विचारायचो.

“बरी आहे की. का?”

खरंच बरी होती. तेच तर अवघड होतं. रक्त तपासलं, लोह ठीक. शशीकाकांच्या बायकोने डिंकाचे लाडू पाठवले, ते मी खाल्ले. ईरा म्हणाली, “मम्मी बर्न-आउट झालीय, बाबा. इट्स अ थिंग.”

“बर्न-आउट म्हणजे नक्की काय गं?”

“तुला कधीच होणार नाही, ते.”

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मॉरीन आली. ती सुचेताच्या रनिंग क्लबची कॅप्टन, साठी उलटलेली, काटक बाई. सुचेताने तिला क्लब सोडत असल्याचं फोनवर सांगितलं होतं. मॉरीनने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की क्लबच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने वर्षातून एका शर्यतीत पळायचं नाही, राबायचं. कुणी पाणी वाटायचं, कुणी वळणावर उभं राहायचं. तुझी या वर्षीची पाळी राहिलीय, ती कर आणि मग खुशाल जा. तिने सुचेताला सप्टेंबरमधल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत टेल रनरचं काम दिलं.

“म्हणजे काय करायचं?” मॉरीन गेल्यावर मी विचारलं.

“जो कुणी शेवटचा असेल त्याच्या मागे राहायचं. त्याला गाठायचं नाही, घाई करायची नाही, आणि सोडूनही जायचं नाही.”

“म्हणजे तू शेवटची येणार?”

“शेवटच्याच्याही मागे. तेवढं एकदा करते आणि सोडते,” ती म्हणाली. दूधवाल्याला उद्यापासून येऊ नको सांगावं इतक्या सहजपणे म्हणाली.

मला ते फार लागलं. तिचं पळणं मी आजवर फक्त रस्त्याच्या कडेला उभा राहून, केळं आणि जॅकेट सांभाळत पाहिलं होतं. ते संपणार असेल तर एकदा तरी तिच्यासोबत पळावं असं वाटलं. मी गुपचूप नाव नोंदवलं आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कार पार्कभोवती दुडकत फेऱ्या मारायला लागलो. आमच्या ऑफिसातल्या लोकांना वाटलं, माझी गाडी हरवली.

शर्यतीच्या सकाळी वॉटफर्डच्या कॅशिओबरी पार्कमध्ये ईराने माझ्या छातीवर नंबर टाचला. “बाबा, तुझी पोट मध्ये येते,” ती तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली आणि पिन मला टोचली. तेवढ्यात पाठीवर ‘टेल’ लिहिलेलं पिवळं जाकीट घालून सुचेता आली. तिने माझा नंबर पाहिला, गुडघे पाहिले.

“हे काय?”

“शर्यत,” मी म्हणालो.

“अहो, दहा किलोमीटर आहे!”

“वाचलंय मी. माहितीपत्रक वाचणं हेच माझं काम.”

बंदुकीऐवजी एका माणसाने भोंगा वाजवला आणि सगळे सुटले. पहिल्या मैलात मला सगळ्यांनी मागे टाकलं. बाबागाडी ढकलत पळणारा एक तरुण बाप ‘सॉरी’ म्हणत पुढे गेला. कालव्याच्या काठी पोचलो तेव्हा पुढे कुणी दिसत नव्हतं आणि मागे फक्त एका माणसाची पावलं वाजत होती.

“अहो.”

“काय?”

“खांदे सैल सोडा. भांडायला निघालाय का कुणाशी?”

मी खांदे सोडले. बरं वाटलं. तिने पुढे चार-सहा सूचना केल्या, त्यातल्या दोन मला जमल्या. नांगरलेल्या एका होडीवर चहा पीत बसलेल्या माणसाने मला ‘वेल डन’ म्हटलं. ते इतकं मनापासून होतं की माझी अवस्था काय दिसत असेल ते मला कळलं.

पुढे कालव्याच्या लॉकपाशी, म्हणजे होड्या वरखाली करायच्या पाणदारापाशी, माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी ओरडलोच. लॉकच्या दाराची ती लांब लाकडी तुळई असते, तिला टेकून उभा राहिलो. सुचेता खाली बसली आणि अंगठ्याने पोटरी दाबायला लागली. फळ्यांच्या फटीतून पाणी झिरपत होतं.

“सोडू का गं?”

“सोडायचं तर सोडा. पुढच्या पुलावर मार्शल आहे, तो गाडी बोलावेल. कुणी काही म्हणणार नाही.”

तिने ते टोमण्याने म्हटलं नव्हतं, म्हणून मला विचारावंसं वाटलं. “मग त्या दिवशी तू का नाही सोडलंस?”

तिचा अंगठा थांबला.

“सोडणार होते,” ती म्हणाली. “अठराव्या मैलाला. पायांत गोळे आले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. फर्स्ट-एडवाल्या बाईने खुर्ची पुढे केली. म्हणाली, ‘सिट डाउन, लव्ह.’”

“मग?”

“मग काय! शशीकाकांचं पत्रक आधीच घरोघर गेलं होतं ना? ‘मॅरेथॉन यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल सत्कार.’ हॉल घेतलेला, शाल आणून ठेवलेली. मी बसले असते तर ती शाल कुणाला घातली असती त्यांनी?”

मला हसू येता येता राहिलं. पळायच्या आधी सत्कार ठरवणं हे आमच्याच लोकांना सुचू जाणे! हॉल त्याच तारखेला मिळतो, पाहुणे त्याच तारखेला रिकामे असतात, मग शर्यतीने त्या तारखेशी जुळवून घ्यायचं. शशीकाकांच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. त्यांना आनंद आवरला नव्हता, एवढंच.

“आठ मैल मी त्या शालीसाठी चालले हो,” सुचेता म्हणाली. “शेवटी राणीचा राजवाडा लागतो, तो सगळ्यांना आठवतो. मला तो दिसला होता की नाही तेही आठवत नाही. आणि मग हॉलमध्ये सगळे टाळ्या वाजवतायत. बूट बघितले की अजून ती खुर्ची डोळ्यांपुढे येते. बसायला हवं होतं मी.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हीसुद्धा टाळ्या वाजवत होतात.”

वाजवत होतो, अगदी हात लाल होईपर्यंत. मला तिचं फार वाईट वाटलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी केलं नव्हतं, त्यामुळे दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

ती उठली. माझ्याकडे संशयाने पाहत म्हणाली, “आज कुणी काही ठेवलं नाहीये ना? खरं सांगा.”

“शशीकाकांना पत्ताच नाही. ईराची शपथ.”

“मग चला. नाहीतर बसा. दोन्ही चालेल.”

मी चाललो. त्यात शौर्य काही नव्हतं. ती तुळई ओली होती आणि माझी चड्डी भिजली होती. आम्ही थोडं चालायचो, थोडं दुडकायचो. पुलावरचा मार्शल आम्ही दिसताच आपली छत्री गुंडाळायला लागला. पुढे काठाच्या कुंपणाला ब्लॅकबेरी लागल्या होत्या. सुचेता थांबली, चार तोडून तोंडात टाकल्या, दोन मला दिल्या.

“दर सप्टेंबरला इथून जाते मी,” ती म्हणाली. “कधी खाल्ल्या नव्हत्या.”

मग तिने एक बगळा दाखवला. हॉस्पिटलमधल्या नव्या मशीनबद्दल सांगितलं, मॉरीनच्या घटस्फोटाबद्दल सांगितलं, मंडळातल्या मीनाक्षीच्या पार्किंगच्या भांडणाबद्दल सांगितलं. मला दम लागल्यामुळे मी फक्त हं हं करत होतो. कित्येक महिन्यांनी तिचा आवाज असा मोठा झाला होता.

आम्ही पोचलो तेव्हा लोक शेवटच्या रेघेवरची कमान उतरवत होते. टेबलांवरचे पाण्याचे कप संपले होते. रेघेच्या अलीकडे मी बाजूला झालो. “तू हो पुढे.”

“तसं चालत नाही. आधी तुम्ही.”

मी रेघ ओलांडली. ईराने आणि आणखी तिघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी हातात केळं दिलं. मी मागे वळलो तर सुचेता रेघ न ओलांडता पलीकडेच उभी होती. तिने ते पिवळं जाकीट काढून माझ्या हातात दिलं.

“मी जरा जाऊन येते.”

“कुठे?”

“अशीच.”

लिंडनच्या उंच झाडांमधून जो लांब रस्ता जातो त्या रस्त्याने ती निघाली. वेग फार नव्हता. हात सुटे होते. कुणाचा तरी कुत्रा तिच्या बाजूने पळायला लागला आणि तिने त्याला पळू दिलं. मॉरीन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. “शर्यत संपली, हे माहीत आहे ना तिला?” तिने इंग्रजीत विचारलं.

“माहीत आहे,” मी म्हणालो. “म्हणूनच गेली.”

मॉरीनने मान हलवली आणि खुर्च्या गोळा करायला गेली. सुचेता वळणापलीकडे दिसेनाशी झाली. जाकीट तिच्या घामाने ओलं होतं आणि माझी पोटरी अजून ठणकत होती, तरी मी तिथेच उभा राहिलो.

“बाबा, मम्मी कधी येणार?” ईराने विचारलं.

“येईल,” मी म्हणालो. “तिच्यावर कुणी घड्याळ लावलंय का?”