शून्याचा तुकडा

राग माझ्या नाकावर असतो, मान्य. पण त्या दिवशी पडद्यावरचा आकडा बघून कुणाचंही डोकं फिरलं असतं.

शाफ्ट होता पाणी उपसणाऱ्या पंपाचा, म्हणजे त्याचा फिरणारा दांडा, तुटलेला आणि माझ्या दादाने वेल्डिंग करून जोडलेला. जोड निवताना पोलाद आवळतं आणि आत ताण अडकून राहतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणून तपासायला आमच्या प्रयोगशाळेत आणतात. न्यूट्रॉनचा झोत पोलादात खोल शिरतो आणि अणूंच्या थरांमधलं अंतर सांगतो. अंतर वाढलेलं दिसलं की समजायचं, तिथे ताण आहे.

आकडा वाईट आला, तर जोड कापून नव्याने करायचा. आणि दादाचा हात आता थरथरायला लागला होता. हा जोड त्याने श्वास रोखून कसाबसा पार पाडला होता. पुन्हा जमणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

भावाचं काम बहीण तपासणार, म्हणून साहेब शेजारीच बसून होते. आकडा त्यांनीही दोनदा वाचला. मी दादाला फोन लावला.

"ताण काढायला भट्टीत ठेवला होतास ना रे? की चहाला गेलास आणि विसरलास?"

"अगं, सावकाश निववलाय. शपथ!"

"मग एवढा ताण काय आभाळातून पडला?"

"आधी तुझं यंत्र तपास," म्हणाला आणि फोन ठेवला. माझा असा पारा चढला म्हणून सांगू!

पण दादा एक वेळ भांडेल, खोटं बोलणार नाही. मग मी शून्याचा तुकडा काढला. अंतर वाढलं, पण कशापेक्षा? ते कळायला त्याच धातूचा, कापल्यामुळे ताण सुटून शून्य झालेला एक इवलासा तुकडा लागतो. त्यासाठी दादाने शाफ्टसोबतच दुसरा, तस्साच जोड केला होता. त्याच्या मधोमध कापून तुकडा पाठव, असं मी त्याला बजावलं होतं. आता मी त्या तुकड्यावर आम्लाचा थेंब टाकून भिंगाखाली धरला. जोडाची खूणसुद्धा नव्हती. साधा दांड्याचा तुकडा! दांड्याचा धातू वेगळा, जोडात भरलेला वेगळा. आकडा चुकणार नाही तर काय होईल?

संध्याकाळी तडक त्याच्या घरी गेले. दुसरा जोड खिडकीत ठेवलेला, पुसून लख्ख.

"हा कापायला सांगितला होता ना?"

वहिनीच म्हणाली, "रोज पुसतात. मला हातसुद्धा लावू देत नाहीत."

"कापवेना गं," दादा हळूच म्हणाला. "असा जोड आता परत व्हायचा नाही माझ्याकडून. म्हटलं, एवढा तरी अख्खा राहू दे. पोलाद ते पोलाद, काय फरक पडतो?"

चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून आले होते. त्याऐवजी एवढंच म्हणाले, "जोडातला धातू वेगळा असतो रे. तो मोजल्याशिवाय तुझा शाफ्ट पास व्हायचा नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच जोड करवतीखाली धरला. मी त्याच्या शेजारी उभी होते. नवा तुकडा झोतात ठेवला, सगळी मोजणी पुन्हा केली. ताण होता, पण अगदी नावापुरता. साहेबांनी सही केली आणि माझा जीव भांड्यात पडला.

झोतात राहिलेला तुकडा लगेच हातात घेता येत नाही. तो शिशाच्या डब्यात निवांत पडून राहिला. त्यातला किरणोत्सर्ग ओसरला, तेव्हा मी तो काडेपेटीत घालून दादाकडे नेला. म्हटलं, आपला ऐवज आपल्याकडे असू दे.

दादाने तो कापलेल्या जागेत बसवून पाहिला. बसेना. करवतीने थोडं पोलाद खाल्लं होतं. मग त्याने दोन्ही अर्धे आणि तुकडा फडक्यात बांधले आणि ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुझ्याकडेच ठेव. शाफ्ट पुढे कधी परत तपासायला आला, तर लागेल. तेव्हा सगळा कापलास तरी चालेल."

मला रडू आलं. "आता काय झालं?" म्हणाला आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला.